पुढचा आवाज

सासूबाईंच्या घशात गाठ निघाली तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशनने जीव वाचेल, आवाजाची खात्री देता येणार नाही. सासूबाई म्हणजे अनुसयाबाई, माहेर आष्टीचं. भाजी निवडताना, कणीक मळताना त्या ओव्या गायच्या. पाठ केलेल्या नव्हेत. तोंडातून निघतील तशा, दर वेळी नव्या. माझा नवरा वैभव म्हणाला, ऑपरेशनच्या आधी आईचा आवाज नीट रेकॉर्ड करून ठेवू. मोबाइलवर नको, चांगल्या माइकवर.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते, म्हणून माइक निवडायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या बजेटात बसणारा एक कंडेन्सर माइक वर्ध्याच्या दुकानात मिळाला. दुकानदार धर्मेंद्र म्हणाला, हा बारीकसारीक सगळं टिपतो. नाही पटला तर बदलून देईन.

मे महिना होता. बोरगाव मेघेतल्या आमच्या मागच्या खोलीत खिडकीला गोधडी लावली, आवाज नको म्हणून कूलर बंद केला. भिंती तापलेल्या. आईंच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी हेडफोन लावला आणि त्यांना खूण केली.

‘आष्टीच्या वाटेनं धूळ बसली पायाले,
कोण चाललं पुढं, बाई, हाक मारा त्याले.’

बाहेरून स्कूटर गेली, तीही माइकने पकडली. आणि आईंच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. बाईचाच, पातळ. रिकाम्या भिंतींवरून आवाज परततो, हे मला ठाऊक होतं. मी भिंतींवर चादरी टांगल्या. तो आवाज गेला नाही.

रेकॉर्डिंग पुन्हा ऐकताना माझ्या लक्षात आलं. प्रतिध्वनी मागून येतो. हा आधी येत होता. आई ‘हाक मारा’ म्हणायच्या, तोवर त्या आवाजाचं म्हणून झालेलं असायचं.

वैभवला लॅपटॉपमध्ये दोष वाटला. त्याने मित्राचा आणला. तेच.

मी माइक घेऊन दुकानात गेले. धर्मेंद्रने रेकॉर्डिंग ऐकलं आणि हेडफोन लवकरच काढून ठेवला.

“मॅडम, हा अख्खी खोली पकडून राह्यला,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “डायनॅमिक न्या. स्वस्तही आहे आन् गळ्याले चांगला. तोंडाजवळचं तेवढंच घेते, दूरचं काई येणार नाई.”

नवा माइक खरंच चांगला निघाला. बाहेरच्या स्कूटर, शेजारच्या कुकरची शिट्टी, काही ऐकू येईना. आईंचा आवाज भरीव, जवळचा वाटू लागला.

दुसरा आवाज त्याहून जवळचा होता.

मी आईंना पुढे सरकवलं. आणखी पुढे. त्यांचे ओठ माइकच्या जाळीला टेकले. तरी तो आवाज त्यांच्यापेक्षा मोठाच येत राहिला. जवळचं तेवढंच घेणारा माइक. त्यांच्या ओठांच्या आणि जाळीच्या मध्ये जागाच उरली नव्हती.

शेवटी मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. वाटलं, घाबरतील. त्या शांतपणे ऐकत राहिल्या.

“ही तं नेहमीचीच आहे,” त्या म्हणाल्या. “मी तिच्या मागं मागं म्हणतो. तुले काय वाटलं, मी रचतो?”

कोण आहे ती, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढून घेतला.

नागपूरला निघायच्या दिवशी सकाळी आम्ही शेवटचं रेकॉर्डिंग करायला बसलो. ओवी निम्मी झाली असताना तो पुढचा आवाज थांबला. आईंनी तेवढी ओळ पुरी केली आणि माइक हाताने हळूच बाजूला सारला.

“आता पुढचं येत नाई,” एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली. आवाज गेला. आम्ही त्यांना घरी आणलं. हातांच्या खुणांनी त्या हवं-नको सांगू लागल्या, पेज घेऊ लागल्या. जखम भरत होती. डॉक्टर खूश होते. वैभव पुन्हा हसू लागला.

एका सकाळी मला वाटलं, त्या रेकॉर्डिंगमधला दुसरा आवाज काढता येतो का बघावं. आई पुढच्या खोलीत कूलरच्या वाऱ्यात झोपल्या होत्या. मी मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला, माइक जोडलेलाच होता. हेडफोन लावला.

रेकॉर्डिंग अजून लावलंही नव्हतं, तोच कोणीतरी श्वास घेतला.

मी माझा श्वास रोखला. तो चालूच राहिला.

मग आवाज आला. पातळ नव्हता. ओवी नव्हती. वर्गात, फोनवर, घरात मी रोज बोलते तो आवाज होता, फक्त घाईतला.

“डॉक्टर, लवकर येता का? आई उठून नाई राह्यल्या.”

मी तोंडावर हात ठेवला. माझे ओठ मिटलेले होते.

स्वयंपाकघरातून वैभवने हाक मारली.

“रंजिता, चहा झाला. आईले उठव.”