जू चियातच्या उंबरठ्यावरचं माप

टेप धरायला कुणीतरी हवं होतं, एवढंच. एक टोक भिंतीला टेकवायचं आणि गप्प उभं राहायचं. मेधाताई म्हणाली, "अनघा, तुझ्याइतकं गप्प माणूस मला अख्ख्या सिंगापुरात मिळणार नाही." यात कौतुक किती आणि टोमणा किती याचा हिशेब न करता मी हो म्हटलं.

२०१४ चा ऑगस्ट होता. लग्नाला तीन महिने झाले होते आणि बिशानच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी दिवसभर वॉशिंग मशीनशी बोलून कंटाळले होते. मेधाताई रुचिरच्या घरच्यांच्या ओळखीतली, आर्किटेक्ट. जुन्या घरांच्या दुरुस्तीआधी त्यांची मापं घ्यायची, फोटो काढायचे, कुठली फरशी मूळची आणि कुठली नंतरची ते लिहून ठेवायचं, हे तिचं काम. या खेपेचं घर जू चियातच्या एका गल्लीत होतं, शंभर वर्षांचं, बारा वर्षं बंद.

आदल्या दिवशी बसमधून येताना तिनं विचारलं, लग्न कसं झालं. मी सांगितलं. पुण्यात सगळं नीट झालं. संध्याकाळी वरात सासरच्या दारात पोहोचली, सासूबाई उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवत होत्या, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. माझ्या नवऱ्याचे, रुचिरचे, चुलत आजोबा गेले. सुतक. माप उचललं गेलं, मला मागच्या दारानं आत घेतलं. चार दिवसांनी आम्ही विमानात. तेव्हापासून सासूबाई स्काइपवर दर रविवारी हळहळतात, "माप ओलांडलं नाहीस गं. तू अजून कुठल्याच घरची नाहीस बघ." म्हणताना हसतात. पण म्हणतात.

"अरेरे," मेधाताई हसली. "नवरी आणि गृहप्रवेश नाही? थांब, बघते मी काहीतरी."

हे लक्षात ठेवा. नाहीतर पुढचं मी का केलं ते तुम्हाला वेडेपणाचं वाटेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी एकटीच पोहोचले. मेधाताई आधी जाऊन दार उघडणार होती. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही. गल्लीत माणूस दिसत नव्हतं. चिन्यांचा सातवा महिना सुरू होता. आपल्या पितृपंधरवड्यासारखाच, पण महिनाभर. फुटपाथच्या कडेला संत्री, उदबत्त्या, जळलेल्या कागदांची काळी राख. त्या राखेचा वास नाकात चिकटून राहतो, धुपासारखा सुरू होतो आणि करपल्यासारखा संपतो.

घर सुंदर होतं. दर्शनी भिंतीवर गुलाबी फुलांच्या टाइल्स, मुख्य दारापुढे कमरेएवढ्या उंचीची कोरीव लाकडी झडप. झडप उघडी होती, दारही उघडं होतं. आणि उंबरठ्यावर, बरोबर मधोमध, निळ्या-पांढऱ्या चिनी मातीचा एक पेला, तांदळानं शिगोशीग भरलेला.

मला खुदकन हसू आलं. अस्सल माप मिळालं नाही म्हणून बाईनं चिनी पेल्यावर भागवलं होतं! आत कुठेतरी फोन धरून लपली असेल, व्हिडिओ काढायला. खरं सांगते, डोळ्यांत पाणीही आलं. तीन महिन्यांत माझ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं. मी चपला काढल्या, ओढणी नीट केली आणि उजव्या पावलानं पेला अलगद लवंडला.

तांदूळ आत पसरले. जरा जास्तच लांब गेले. उतारावरून जावेत तसे, थेट मधल्या चौकापर्यंत, आणि फरशी तर सपाट होती.

मी आत पाऊल टाकलं. "मेधाताई?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी चाललं. लाकडी टाचांचा आवाज, टक… टक… सावकाश. वयस्क माणसाची चाल. तो माझ्या डोक्यावर येऊन थांबला. मी वर पाहिलं. छताच्या फळ्यांमध्ये एक चौकोनी भोक होतं, तळहाताएवढं. वरून दारात कोण आलंय ते बघायला या घरांमध्ये असतं तसलं. त्यातून थोडा उजेड येत होता. मी बघत असतानाच तो उजेड झाकला गेला. झाकण सरकवल्यासारखा नाही. त्या भोकाशी कुणीतरी चेहरा आणल्यासारखा.

"अगं, तू आत कशी?"

आवाज मागून आला. मेधाताई रस्त्यावर उभी होती. एका हातात इथल्या पद्धतीनं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलेली दोघींची गरम कॉफी, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा.

"दार तू उघडलंस ना?" मी विचारलं.

"कशानं? किल्ली तर ही इथे."

"आणि तांदूळ…?"

"कसले तांदूळ?"

मी बोट दाखवलं. तिनं फरशी पाहिली, पालथा पेला पाहिला, मग माझ्या पायांकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला, पण आवाजात कामाचाच सूर ठेवून म्हणाली, "मजूर आले असतील कालचे. चल, वर बघून येऊ."

तिच्याबरोबर होते म्हणून मी जिना चढले. वर कुणी नव्हतं. सामानही नव्हतं, फक्त एक खुर्ची, त्या भोकाला लागून. सगळ्या खोलीत बोटभर धूळ. खुर्चीच्या बैठकीवर धूळ नव्हती. मेधाताईनं वाकून भोकाचं झाकण ओढून पाहिलं. ते खिळ्यांनी ठोकलेलं होतं, वर रंगाचे दोन-तीन थर चढलेले. ते निदान बारा वर्षांत तरी उघडलेलं नव्हतं.

"मापं उद्या घेऊ," मेधाताई म्हणाली. एवढ्या हलक्या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

खाली आलो तर शेजारच्या घरातली आंटी गेक झडपेपाशी उभी होती. सत्तरीच्या पुढची, फुलाफुलांचा ब्लाउज, हातात झाडू. तिला मेधाताई ओळखत होती. ती इंग्रजीतच बोलायची, त्यात मलायही मिसळलेली आणि वाक्याअखेर इथला 'लाह'. मला समजलं तसं सांगते.

"कोणी पाडला हा?" तिनं विचारलं.

"मी. तुमचा होता का? सॉरी, आंटी, मला वाटलं…"

"माझा नाही लाह. मी फुटपाथवर ठेवते, सगळ्या भुकेल्या आत्म्यांसाठी. दुसऱ्याच्या दारात कोण ठेवतं?" ती थांबली. "कुठल्या पायानं?"

मी खाली पाहिलं. उजव्या पायाच्या बोटांना तांदळाचे दाणे चिकटलेले होते.

आंटी गेक पायरीवर बसली. मग सावकाश सांगू लागली. या घरातल्या म्हातारीचा मधला मुलगा. लग्न ठरलं होतं, नवरी मलाक्काहून यायची होती. आठवडाभर आधी तो तापानं गेला. नवरी आलीच नाही. म्हातारी मात्र रोज वर बसून दाराकडे बघायची. आंटी तेव्हा लहान होती. खेळताना वर बघितलं की भोकात डोळा दिसायचा. "म्हणायची, सून स्वतःच्या पायांनी येईल. मी बोलवायला जाणार नाही."

आंटीनं झाडू भिंतीला टेकवला. मग तिनं मला विचारलं, "तुझं लग्न झालंय?"

"हो. तीन महिने."

"तुझ्या सासूनं तुला दारातून आत घेतलं?"

मी मेधाताईकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"अय्यो," आंटी गेक म्हणाली. "मग इथे उभी राहू नको. घरी जा. आजच. तुझ्या माणसांना सांग, नीट घ्या म्हणावं हिला. नाहीतर ज्यांनी घेतलं त्यांची होशील तू."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी हसले नाही. चपला घालायला वाकले तेव्हा वर पुन्हा एकदा टाच वाजली. एकच. कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखी.

मेधाताईनं टॅक्सी केली. वाटेत मी रुचिरला फोन लावला. "लवकर ये. आपल्याला गृहप्रवेश करायचाय."

"आज? गुरुवारी? मीटिंग आहे गं माझी."

"रुचिर."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. साडेपाचला तो लिफ्टमधून बाहेर पडला, टाय खिशात कोंबलेला, हातात लिटिल इंडियातून घेतलेल्या पेढ्यांचा डबा. त्यानं फार काही विचारलं नाही. नवरा म्हणून त्याचा हा गुण मला आवडतो. वर उखाणाही तयार करून आणला होता, म्हणे मेट्रोत उभ्याउभ्या सुचला. साहित्यमूल्य बेताचंच:

*बाराव्या मजल्यावर वारा, खिडकीत तुळस छान,*
*रुचिररावांचं नाव घेते, राखते सर्वांचा मान.*

पुण्यात तेव्हा दुपार होती. सासूबाई स्काइपवर आल्या त्या नवी साडी नेसूनच. "अगोबाई, मला आधी सांगायचं नाही का! मेधा, औक्षण तू कर हं. अनघा, पदर घे डोक्यावर. रुचिर, तो लॅपटॉप सरळ धर रे, मला नुसतं छत दिसतंय."

कॉरिडॉरमध्ये मी साडी नेसून उभी. समोर आमच्याच फ्लॅटचं दार, आमच्याच रॅकवरच्या आमच्या चपला. मेधाताईनं ओवाळलं. निरांजनाची ज्योत हलत होती. उंबरठ्यावर स्टीलचा पेला, तांदळानं भरलेला. मी मनात सगळ्या देवांना हाका मारल्या आणि उजव्या पावलानं तो लवंडला.

तांदूळ पसरले. दोन फुटांवर थांबले, साध्या तांदळांसारखे.

मी आत आले. काही झालं नाही. पंखा फिरत होता, समोरच्या घरात कुणीतरी लसूण परतत होतं. मेधाताईनं श्वास सोडलेला मला ऐकू आला. सासूबाईंनी लॅपटॉपच्या पडद्यावर टाळ्या वाजवल्या. "झाली हो झाली, आमच्या घरची झाली! आता नाव घे."

मला एवढं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसले. रुचिरनं पेढा माझ्या तोंडासमोर धरला, आधी नाव, मग पेढा. मी घसा साफ केला.

"बाराव्या मजल्यावर वारा, खिडकीत तुळस छान…"

"वा वा," सासूबाई म्हणाल्या.

"तेक सेंगरावांचं नाव घेते, राखते सर्वांचा मान."

पेढा धरलेला रुचिरचा हात तसाच राहिला. मेधाताईच्या हातातलं ताम्हन भिंतीला लागून वाजलं.

"आवाज तुटला गं," सासूबाई म्हणाल्या. "रेंज गेली वाटतं. पुन्हा घे."

तेक सेंग हे नाव मला कुणी सांगितलं नव्हतं. आंटी गेकनं त्या मधल्या मुलाचं नाव घेतलंच नव्हतं, मेधाताईच्या कागदांवरही ते नव्हतं. असं नाव मी आयुष्यात कधी उच्चारलेलं नव्हतं. आणि तरी ते किती सरावानं आलं, जणू रोज दिवेलागणीला घेते.

"अनघा," रुचिर अगदी हळू म्हणाला, "कोण हा?"

मला माहीत नाही, असं मी सांगणार होते. पण ते खरं नव्हतं. तेक सेंगच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे. तो चहात साखर घेत नाही. जिना चढताना तो नेहमी तिसऱ्या पायरीवर थांबतो आणि खालूनच विचारतो, आई झोपली का… आणि मी वरून सांगते, नाही.