दोरीचं दुसरं टोक

"डोळे आहेत की बटणं?"

आमच्या प्रेमातलं त्याचं हे पहिलं वाक्य. बाकीच्या मुलींना काय काय गोड ऐकायला मिळतं, माझ्या वाट्याला हे आलं. तेही सगळ्या क्लबांच्या देखत.

मोसमातली पहिली ड्युएथलॉन होती. आधी धावायचं, मग सायकल मारायची, मग पुन्हा धावायचं. उजाडलं होतं, पण धुकं काही हटत नव्हतं. पहिली धाव संपवून मी सायकलींच्या मैदानात शिरले. तिथे सगळ्यांच्या सायकली लोखंडी दांड्यांना ओळीने टांगलेल्या असतात. माझी कुठे आहे ते मी आधीच पाठ करून ठेवलं होतं, पाण्याच्या टेबलापाशी वळायचं आणि सरळ जायचं. पण कुणीतरी ते टेबल हलवलं होतं. मी वळले ती थेट दांड्यावर आदळले. एक सायकल पडली, तिने शेजारणीला घेतलं, आणि बघता बघता अख्खी ओळ खडखडत आडवी झाली. सगळ्यात खाली त्याची.

"बटणंच आहेत," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. माझ्या नजरेच्या कडा विझत चालल्या होत्या. मधोमध एक गोल उरला होता, नाण्याएवढा. त्यातून लख्ख दिसायचं आणि भोवती काही नाही. तो गोलही एक दिवस जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. घरात दादा-वहिनीला ठाऊक होतं. क्लबात मी कुणाला वास लागू दिला नव्हता. लोक मला धांदरट म्हणायचे, आणि मला ते चालायचं.

मी मान वर केली. गोलात एक दात सापडला. वरचा, पुढचा, कोपरा उडालेला.

"चेष्टा करतेस?" दात म्हणाला.

"नाही. मला कडेचं दिसत नाही. तुझा दात दिसतोय. उरलेला तू कुठे आहेस ते शोधावं लागेल."

मी हे अनोळखी माणसाला का सांगितलं कुणास ठाऊक. कदाचित तो चिडला होता म्हणून. चिडलेलं माणूस कीव करत नाही.

मी माझी सायकल चाचपून काढली, तर त्याने तिचं हँडल धरलं.

"या धुक्यात जाणार आहेस?"

"सोड हँडल."

"नाही सोडत."

"तू कोण माझा?"

"जी सायकल तू मोडलीस ना... तिचा मालक."

मी त्याला शिव्या घातल्या. मग तिथेच, पडलेल्या सायकलींच्या मध्ये बसून रडले. तो शेजारी बसून आपलं वाकडं चाक सरळ करत राहिला. एकटीने सायकल चालवण्याचे माझे दिवस तिथे संपले. ते त्याने संपवले, याचा राग मला बरेच दिवस पुरला.

राग जायच्या आत, कुणाकडून तरी पत्ता काढून, तो माझ्या कामाच्या जागी हजर.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या, कॅप, खोटे दात. दवाखान्यांतून मापं येतात, आम्ही मेणाचे दात कोरतो, रंग जुळवतो, भट्टीत भाजतो. एका दाताएवढं जग मला अजून पक्कं दिसायचं, म्हणून नोकरी टिकली होती.

"दात बसवायचाय," तो म्हणाला.

"आधी डॉक्टरकडे जायचं असतं. इथे माप येतं, माणूस येत नाही."

"मग आलेल्या माणसाला हाकलणार?"

मी रंगाच्या नमुन्यांची पट्टी घेतली आणि त्याच्या तोंडाशी धरली. मला फार जवळ जावं लागतं. त्याचा श्वास माझ्या मनगटाला लागला... आणि मी उगाचच एक नमुना दोनदा लावून बघितला.

"सगळ्यांना इतक्या जवळून बघतेस?"

"सगळ्यांचे दात डब्यातून येतात."

तो हसला. गोलातून दात निसटला, ओठ आले, मग गालावरचा व्रण, मग एक डोळा. मी त्याला असाच बघितला, तुकड्या-तुकड्याने. सगळा एकदम कधीच दिसला नाही.

त्याने खिशातून बुटाच्या नाड्यांची वेणी घालून केलेली एक आखूड दोरी काढली. दोन्ही टोकांना फास.

"मी लिफ्ट दुरुस्त करतो," तो म्हणाला. "लिफ्ट वर-खाली फिरते त्या अंधाऱ्या पोकळीत आम्ही दोघं असतो. एक वर, एक खाली. खालच्याला काही दिसत नाही, म्हणून वरच्याने बोलत राहायचं. वरचा गप्प झाला, की खालच्याने आहे तिथे थांबायचं. हलायचं नाही. आमच्यात एवढा एकच नियम. एक फास तुझ्या हातात, एक माझ्या. मी बोलत राहीन. धावशील?"

"आणि दात?"

"दात राहू दे. तुला ओळखायला खूण नको?"

मग आम्ही धावू लागलो. माझ्या क्लबला डोळ्यांचं सांगून टाकलं, तिथल्या सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, दुसऱ्याच्या मागे बसायची जोडसायकल कुठूनशी मिळवून दिली. त्याच्या क्लबात तो आधीपासून 'लिफ्टवाला' होता, आमच्या क्लबात मी 'बटण' झाले.

आणि तो बोलायचा! "पायरी. खड्डा. डावीकडे घे. कुत्रं झोपलंय, झोपू दे. समोरून एक देखणा तरुण येतोय... अरेच्चा, दुकानाची काच आहे."

"काच पुसायला सांग."

"बटण, जळतेस."

जळत नव्हते. पार विरघळले होते. रोज सकाळी हातात फास अडकवला की जिवाला बरं वाटायचं. संध्याकाळी घरी गोल तपासायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. आधी आकडे सगळे दिसायचे. मग काटे तेवढे दिसू लागले.

दुसरी ड्युएथलॉन रिमझिम पावसात झाली. आम्ही आमच्या गटात सगळ्यांच्या पुढे होतो. शेवटची धाव, शेवटचं वळण, लोकांचा आरडाओरडा... आणि पंचांनी आम्हाला बाद केलं. अंध धावपटूच्या वाटाड्याने शेवटची रेषा आधी ओलांडायची नसते. त्याचं पाऊल माझ्या आधी पडलं होतं. नियम त्याला पाठ होता, मला त्यानेच शिकवला होता.

"अक्कल गहाण टाकली होतीस?" मी ओरडले. "मागे राहायचं होतं तुला!"

"हो."

"मग?"

माझ्या हातातला फास त्याने उगाच सैल केला.

"तुझा चेहरा बघायचा होता," तो म्हणाला. "रेषेवर कशी दिसतेस ते. मागून... मागून दिसत नाही गं."

मी दोरी ओढली, तो जवळ आला. पावसाचं पाणी त्याच्या ओठांवर होतं आणि त्या तुटक्या दाताची कड मला लागली. पदक गेलं त्याचं मला काडीचंही दुःख झालं नाही.

मग आम्ही मॅरेथॉनला नाव दिलं, आणि तिच्या आधी तो मला त्याच्या घरी घेऊन गेला.

दारातून आत अरुंद बोळ होता, आणि बोळात एक लाकडी स्टूल. तो मागे चपला काढत होता, त्यामुळे सांगायचं राहिलं. मी गुडघा फोडून घेतला. त्याच्या आईने काही न बोलता मला उठवलं, स्टूल पुन्हा होतं तिथेच ठेवलं.

आतल्या खोलीत त्याचे वडील होते. तो शाळेत असल्यापासून ते अंथरुणाला खिळलेले. औषधांचा आणि ओल्या चादरींचा वास. तो त्यांची दाढी करायला बसला, आणि काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्या चहा ओतत होत्या. मला त्यांचे हात दिसले. माणूस उचलून उचलून झालेले हात, बोटांचे सांधे सुजलेले.

"तू चांगली आहेस," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तुला सांगते. पहिली काही वर्षं मी यांचं प्रेमाने केलं. मग नुसतं केलं. आता कूस बदलून देते तेव्हा मनात काहीसुद्धा येत नाही, त्याचा दगड झालाय. माझ्या पोराने हेच बघितलंय, त्याला वाटतं यालाच प्रेम म्हणतात. तो तुला सोडणार नाही. तू सोड."

मी कप खाली ठेवायला गेले, तर थोडा चहा बशीत सांडला.

"मॅरेथॉन धावा," काकू म्हणाल्या. "तेवढं सुख घे. मग त्याला मोकळा कर. देशील शब्द?"

त्या बाईचा मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या खरं बोलत होत्या, आणि मला बशीतला चहासुद्धा धड दिसत नव्हता. मी शब्द दिला.

मॅरेथॉनची सकाळ स्वच्छ उजाडली, असं तो म्हणाला. माझ्यासाठी धुकंच होतं. गेल्या काही दिवसांत गोलावर साय धरली होती. मी त्याला सांगितलं नव्हतं.

तो बोलत राहिला. पूल आला, उतार आला, कारखान्याच्या भिंती गेल्या. त्याने पाणी माझ्या हातात दिलं, माझ्या तुटल्या नखाची चेष्टा केली. मी हसत होते आणि मनात मोजत होते, आता किती राहिलं असेल... त्याचा आवाज मी प्यायचा तेवढा पिऊन घेत होते. पाय भरून आले, पोटऱ्या दगड झाल्या. मला ते संपायला नको होतं.

"शेवटचं वळण," तो म्हणाला. "समोर कमान. बटण, आज मी मागे राहणार, शप्पथ."

लोकांचा आवाज वाढला. मी मान वळवली, त्याचा दात शोधला. साय. नुसती पांढरी साय. आणि मला रडू फुटलं.

"रेषेपलीकडे गेले की मी दोरी सोडणार आहे," मी धावता धावता म्हणाले. "कायमची. काकूंना शब्द दिलाय. मला आता तुझा दातही दिसत नाहीये."

तो गप्प झाला.

मी थांबले. ठरवून नाही. पायच थांबले. वरचा गप्प झाला की खालच्याने हलायचं नाही. मागून येणारे आम्हाला घासून पुढे जात होते. कुणी ओरडलं, "अरे, समोर आहे रेषा, चला!" तिच्या अलीकडे आम्ही दोघं उभे. तो माझ्या आधी जाऊ शकत नव्हता, आणि तो बोलल्याशिवाय मी पाऊल टाकू शकत नव्हते.

"मला कुणी विचारलं?" तो शेवटी म्हणाला. आवाज चिरकला होता. "तू आणि आई, दोघींनी मिळून वाटून टाकलंत मला. मला कुणी विचारलं?"

"तू हो म्हणाला असतास. तुला भीतीच वाटत नाही."

"वाटते. बाबांच्या खोलीत जाताना रोज वाटते. तुझा हात धरतानाही वाटते, की एक दिवस मी पण आईसारखा दगड होईन..." त्याचा श्वास लागला होता. "झालो तर तोंडावर सांगेन. तेव्हा सोड. आज नको सोडूस. आज माझं प्रेम आहे तुझ्यावर."

माझं त्याच्यावर किती आहे, ते मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. तिथे सांगितलं. पंचांनी ऐकलं, पाणी देणाऱ्यांनीही ऐकलं.

"मग बोल ना," मी म्हणाले. "मी हलू कशी?"

"सरळ," तो म्हणाला. "खड्डा नाही. कुत्रं नाही. सरळ..."

मी रेषा ओलांडली. तो माझ्या मागे होता. दोरी ताणलेली होती, आणि मी ती सोडली नाही.

घरी परतायच्या आधी काकूंकडे जायचं, असं मीच म्हणाले. शब्द मी मोडला होता, तोंड मलाच द्यायचं होतं. दार उघडंच होतं. बोळात शिरताना मी त्याच्या आधीच म्हणाले, "माहीत आहे, स्टूल." आणि गुडघा वाचवायला हात पुढे केला.

हाताला काही लागलं नाही. मी एक पाऊल टाकलं, आणखी एक. बोळ मोकळा होता.

"काकू," मी अंधारात म्हणाले, "मी शब्द पाळला नाही."

आतून भांड्याचा आवाज आला.

"स्टूल सकाळीच उचललंय," त्या म्हणाल्या. "सरळ ये."