भावाला व्हिसा नाही

मिरजेच्या त्या मोठ्या इस्पितळात आता "पेशंटचे तुम्ही कोण?" असं कुणी विचारतच नसे. वॉर्डाच्या दाराशी एक चपटी निळसर काच बसवली होती. तिच्यावर तळहात ठेवायचा, आत कॉटवरच्या आपल्या माणसाकडे एकदा बघायचं, की झालं! काच सांगून टाकायची: मुलगा. जाऊ. मैत्रीण. एकदा एक गृहस्थ "सख्खा मामा आहे हो मी!" असं छातीठोकपणे सांगत आले आणि काचेवर अक्षरं उमटली: शेजारी, सध्या अबोला. अख्खा वॉर्ड टाके दुखेपर्यंत हसला.

सगळ्यांत जास्त हसली ती ऋजुता सिस्टर. या यंत्राचं नाव स्नेहदर्शक, आणि ते चालवणं हे तिचंच काम. आपलं माणूस दिसलं की छातीचे ठोके, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या, तळव्यांचा घाम, सगळं एका ठरावीक चालीत बदलतं. आईला बघताना वेगळी चाल, नवऱ्याला बघताना वेगळी. तिला म्हणायचं ओळख-लहर. "तोंड खोटं बोलेल, तळहात नाही बोलणार," असं ऋजुता येईल त्याला ऐटीत ऐकवायची.

पण प्रणीतला घेऊन ती स्वतः त्या काचेसमोर कधीच उभी राहिली नव्हती. कशी राहणार? प्रणीत लिफ्ट दुरुस्त करायचा आणि गेली कित्येक वर्षं ती दोघं एकाच घरात राहत होती, लग्नाशिवाय. ऋजुताचा पहिला नवरा घटस्फोटाच्या तारखेला हजरच व्हायचा नाही, आणि कोर्ट पुढची तारीख द्यायचं. अशा जोडप्याला मिरजेत खोली कोण देणार? म्हणून घर बघायला गेली त्याच दिवशी ऋजुतानं भिंतीपलीकडेच राहणाऱ्या घरमालकीण काकूंना बेधडक सांगून टाकलं होतं, "हा माझा मावसभाऊ."

आणि आता, इतक्या वर्षांनी, उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या इस्पितळाची नोकरी तिला मिळाली. त्या देशात लग्न न झालेल्या जोडीदारालाही सोबत नेता येत होतं. नातं खरं आणि जुनं आहे, एवढंच स्नेहदर्शकावर सिद्ध करायचं.

"कळतंय का तुला?" ऋजुता स्वयंपाकघरात अक्षरशः नाचत होती, आवाज मात्र दबका. "लग्नाचा दाखला नको, काही नको. नुसता हात ठेवायचा! आणि तिथं मी तुला भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत 'अहो' म्हणून हाक मारणार."

"अहो नको बाई, म्हातारं झाल्यासारखं वाटतं," प्रणीत म्हणाला. "'ए' चालेल. पण मोठ्यानं मार."

पुण्याच्या व्हिसा केंद्रातली तपासनीस इनामदार नावाची तरुण मुलगी होती. तिनं दोघांना समोरासमोर बसवलं, मधे काच ठेवली. "मी इथंच बसणार हं. तिसरं माणूस हजर लागतं, तसा नियम आहे. तुम्ही काचेवरच एकमेकांचे हात धरा आणि एकमेकांकडे बघा. एवढंच."

त्यांनी हात धरले. एकमेकांकडे बघितलं. काचेवर अक्षरं उमटली: भावंडं.

इनामदार आधी हसलीच. "काचेला सर्दी झालीय वाटतं! पुन्हा करूया."

पुन्हा तेच. उलट या वेळी खाली आणखी एक ओळ आली: खात्री फार जास्त.

ऋजुताला यंत्र माहीत होतं. यंत्र चुकलं नव्हतं.

"दुसरा काही पुरावा?" इनामदारनं विचारलं. "दोघांचे एकत्र फोटो तरी असतीलच ना?"

फोटो होते. प्रणीतनं मोबाइल पुढे केला आणि त्याच क्षणी त्याला कळलं, आपण काय दाखवतोय ते. प्रत्येक फोटोत काकूंचा दिवाणखाना. प्रत्येक फोटोत प्रणीत पाटावर, डोक्यावर टोपी, आणि समोर निरांजनाचं ताट घेतलेली ऋजुता. दरवर्षीची भाऊबीज! काकूंना संशय नको म्हणून सुरू केलेली. दुसरा फोटो काढायची हिंमतच कधी झाली नव्हती.

"घरमालकिणीशी बोलू का?" इनामदार म्हणाली. नियमच होता. तिनं फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"ऋजुता नि प्रणीत?" पलीकडून काकूंचा खणखणीत आवाज. "अहो, सोन्यासारखी भावंडं! सख्खी पण असं करत न्हाईत आजकाल. माझ्यासमोर ओवाळती की ती त्याला. काय झालं? बरी हायत न्हवं पोरं?"

"बरी आहेत," इनामदार हळूच म्हणाली आणि फोन ठेवला.

मग मात्र प्रणीतनं सगळं सांगितलं. एका दमात, कोर्टापासून भाऊबिजेपर्यंत. इनामदार ऐकत राहिली.

"मला पटतंय," ती म्हणाली. "खरंच पटतंय. पण तिसरं माणूस समोर असलं की तुमचं शरीर भावंडं होतं. सवयच लागलीय त्याला. आणि काच शरीराचं ऐकते, माझं नाही."

"मग भाऊ म्हणून तरी येऊ दे याला!" ऋजुता जवळजवळ ओरडलीच.

"भावाला व्हिसा नाही, ताई."

ऋजुताला जायचं असेल तर एकटीनं जायचं, नाहीतर परत मिरजेला, परत काकूंकडे. तिसरी वाट नव्हती.

इनामदार उठली. "मी चहा सांगून येते. काच चालू ठेवतेय. याची नोंद होणार नाही, अर्जाला उपयोगही नाही. पण... तुमचं तुम्हाला तरी दिसेल."

ती गेली. खोलीत दोघंच उरली.

"ये," प्रणीत म्हणाला. "आता आहे का कोण? बघ माझ्याकडे."

ऋजुतानं बघितलं. कानशिलांवरचे त्याचे पिकलेले केस, हनुवटीवरचा स्पॅनर लागून झालेला व्रण. तिच्या बोटांत त्याची बोटं सैल झाली, ऊबदार झाली. काचेवरची 'भावंडं' ही अक्षरं पुसट व्हायला लागली. आणखी पुसट. त्यांच्या जागी काहीतरी दुसरं उमटू लागलं. ऋजुता वाचायला पुढे वाकली.

बाहेर पॅसेजमध्ये कुणाच्या तरी चपला वाजल्या.

दोघांनी एकदम हात सोडले. कुणी कुणाला खूण केली नाही. प्रणीत खुर्ची मागे सरकवून बसला, ऋजुतानं ओढणी सारखी केली आणि तिच्या चेहऱ्यावर थोरल्या बहिणीचं ते शहाणं हसू आपोआप येऊन बसलं. चपला पुढे निघून गेल्या. आत कुणी आलंच नाही.

ती दोघं हसायला गेली, पण हसू अर्ध्यातच थांबलं. काचेवरची जुनी अक्षरं पुन्हा ठळक झाली होती.

"ऋजू," प्रणीत म्हणाला, काचेकडे न बघता. "आपल्या घरात तरी... काकूंच्या चपलांची चाहूल न घेता आपण दोघंच असे कधी असतो गं?"