ही की आधीच वापरात आहे

पटलं तर ठेवा, नाही पटलं तर सोडून द्या. पण यातली दोन माणसं आजही नाशकात आहेत, आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

त्यातला एक दिनेश. माझा मामेभाऊ.

२००४ साल. सातपूरला, बस स्टॉपमागच्या गल्लीत दिनेश आणि त्याचा मित्र हारुन यांनी गेमिंग कॅफे काढला होता. सहा कॉम्प्युटर, वायरीने एकमेकांना जोडलेले. दुपारी आयटीआयची पोरं आणि शिफ्ट सुटलेले कामगार इतके यायचे की बसायला जागा नसे. सगळ्यांना गेम एकच हवा. बंदुकांचा. सहा जण एकमेकांवर तुटून पडायचे.

गेम अर्थातच कॉपी केलेला.

ओरिजिनल सीडीच्या खोक्यात एक नंबर यायचा. त्याला म्हणायचे 'की'. ती टाकल्याशिवाय गेम उघडत नसे, आणि एक की एका वेळी एकालाच चाले. हारुनने कुठून तरी क्रॅक आणला आणि ते कुलूपच मोडून टाकलं. एका सीडीवर सहा मशीन. पोरं हारुनला डोक्यावर घेऊन नाचली. ओरिजिनल विकत घेणारा त्या काळात येडा ठरायचा.

मग मे महिन्यात शहरातल्या दोन कॅफेंवर धाड पडली. मशीन उचलून नेली. दिनेश टरकला. निदान एक तरी सीडी खरी असावी म्हणून त्याने हारुनला मुंबईला पाठवलं. हारुन सीलबंद खोका घेऊन आला.

जूनमधला मंगळवार. कॅफेची सुट्टी. दुपारचे साडेतीन.

दिनेश एकटाच होता. शटर अर्धं खाली. पाच मशीन बंद, फक्त एक नंबर चालू. खोक्याचं प्लास्टिक त्याने स्वतःच्या हाताने फाडलं. आतल्या स्टिकरवरची की एकेक अक्षर बघून टाकली.

गेम उघडला. आत जायचं बटण दाबलं...

स्क्रीनवर इंग्रजीत पाटी आली. ही की आधीच वापरात आहे.

खाली वापरणाऱ्याचं नाव होतं...

गोट्या.



गोट्या म्हणजे गोटीराम. पेठ तालुक्याकडचा मुलगा, आयटीआयला टर्नर शिकत होता. रोज चारच्या ठोक्याला येऊन सहा नंबरवर बसायचा. फेब्रुवारीत गावाकडे जाताना त्याची मोटारसायकल घसरली. जागीच गेला.

दिनेशने मागे वळून पाहिलं. सहा नंबर बंद होतं.

त्याने नेटवर्कची वायर उपसली. एक नंबर आता कशालाच जोडलेलं नव्हतं. पुन्हा बटण दाबलं...

तीच पाटी. तेच नाव.

भीती नंतर वाटली, आधी राग आला. खोका आणला कोणी? हारुनने. कुलूप मोडायची विद्या कोणाला येते? हारुनला. की आधीच कोणाला तरी विकून खोका पुन्हा चिकटवला असेल. आणि वर मेलेल्या पोराचं नाव टाकून थट्टा!

संध्याकाळी हारुन आला तेव्हा दिनेशने खोका त्याच्यासमोर आपटला.

"कोणाला विकली की?"

"कसली की? काय बोलतोय तू?"

"नाव तरी दुसरं टाकायचं होतंस, हारुन."

हारुनने पाटी वाचली. त्याचा चेहरा उतरला.

"गोट्याच्या घरी निरोप घेऊन मी गेलो होतो," तो म्हणाला. "त्याची आई भागीबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिला मी सांगितलं. आणि तू म्हणतोस, मी त्याचं नाव वापरलं?"

"मग दुसरं कोण वापरणार?"

हारुनने खिशातली शटरची किल्ली काढून टेबलावर ठेवली. शटरखालून वाकून निघून गेला.

पुढचा मंगळवार.

दिनेशला चोर पकडायचा होता. या वेळी त्याने दोन मशीन लावली. एक नंबरवर ओरिजिनल, दोन नंबरवर जुना क्रॅक. ओरिजिनल आत घेत नसेल, तर कॉपीतून शिरून बघू, आत कोण बसलंय ते.

चार वाजले.

दोन नंबरच्या यादीत एक खेळ चालू दिसला. खेळाडू एक. गोट्या.

दिनेश आत शिरला.

गेममधला सगळा नकाशा रिकामा. गोळीबार नाही. पावलांचा आवाज नाही. तो गोदामं ओलांडत शेवटच्या भिंतीपाशी पोचला...

तिथे एक जण उभा होता. बंदूक खाली. हालत नव्हता.

दिनेशने गोळी झाडली नाही. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'कोण आहे?'

काहीच नाही.

पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग तोही कमी झाल्यासारखा वाटला...

मागून, बंद असलेल्या सहा नंबरच्या की-बोर्डवर बोटं पडल्याचा आवाज आला. सावकाश. एकेक अक्षर शोधत टाइप करावं, तसा.

स्क्रीनवर तशाच इंग्रजी अक्षरांत ओळ उमटली...

'हारुनभाई आले का?'

दिनेशने मेन स्विच पाडला आणि शटर न लावताच बाहेर पळाला.

थेट जुन्या नाशकात, हारुनच्या घरी. हारुनची बहीण रेहाना हिने दार उघडलं. दिनेशने धापा टाकत सगळं सांगितलं. हारुन आतल्या दारात उभा राहून ऐकत होता.

"झालं सांगून?" त्याने विचारलं. "कॅफे एकट्याने चालेना, म्हणून आता ही गोष्ट रचलीस. पण त्या पोराला तरी सोडायचं होतंस."

दार बंद झालं.

महिन्याभरात कॅफेही बंद झाला. मशीन सिन्नरच्या एका माणसाने नेली. ओरिजिनल सीडी त्यात होती की नाही, ते दिनेशला आठवत नाही.

मी हे सगळं दिनेशकडूनच ऐकलं. खरं सांगायचं तर माझाही पूर्ण विश्वास नव्हता. म्हणून गेल्या वर्षी हारुनला गाठलं.

"खोटं बोलतो तो," हारुन सरळ म्हणाला.

चहा आला. आम्ही दुसरंच काहीबाही बोलत बसलो. मध्येच त्याने विचारलं...

"माझं नाव कसं लिहिलं होतं? स्पेलिंग?"

मी तिथूनच दिनेशला फोन लावला. त्याला विचार करावा लागला नाही. एच, ओ, आर, यू, एन.

मी ते हारुनला सांगितलं.

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, गोट्या त्याला मोबाइलवर मेसेज करायचा तेव्हा नाव असंच चुकवायचा. ते मेसेज त्याने कधी कोणाला दाखवले नव्हते.

मग माझ्याकडे रोखून बघत त्याने विचारलं, "दिनेशने माझा मोबाइल कधी बघितला असेल का रे?"

दिनेशला मी अजून हे विचारलेलं नाही.