अनावश्यक मजकूर

तो दिवा राहू द्या तसाच. माझी गोष्ट तशी भर दुपारची आहे, पण सांगताना उजेड असलेला बरा.

सुट्टीच्या दिवशी साहेबांचा फोन आला की माझ्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्या रविवारीही पडल्या. काम मात्र नेहमीचंच होतं, बॅकअपचं. कंपनीच्या सर्व्हरवरची माहिती काढायची, दाबून तिची लहानशी फाइल करायची आणि कपाटात ठेवायची. मग ती प्रत एका रिकाम्या मशीनवर उघडून पाहायची. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे नुसतं मनाचं समाधान, हे मला अक्कानं शिकवलं होतं.

अक्का म्हणजे आमच्या विकीचा जीव. आमच्याकडे कामाची सगळी माहिती एका विकीवर, म्हणजे विकिपीडियासारख्या ऑफिसच्या साइटवर होती. कुठलं मशीन बंद पडलं तर काय करायचं, कुठली किल्ली कुठे, सगळ्याची पानं. पान कुणीही बदलू शकत असे, पण विकीची एक खोड असते. बदललेलं पान ती ठेवतेच, आणि आधीचंही टाकून देत नाही. कुणी बदललं, कधी बदललं, काय कारण दिलं, सगळं मागे इतिहासात जमा. निम्म्याहून जास्त पानं अक्काच्या हातची होती. घशाची गोळी गालात धरून ती टकटक टाइप करत बसायची. तिला दमा होता.

त्या रविवारच्या आदल्याच महिन्यात अक्का गेली. घरी नाही, आमच्या सर्व्हर रूममध्ये.

त्या खोलीचं दार लोखंडी, जड, आपोआप बंद होणारं. आतून उघडायचं बटण कित्येक दिवस बिघडलेलं. अक्कानं दारात एक स्टूल अडकवून ठेवलं होतं आणि विकीवर ठळक अक्षरांत सूचनाही लिहिली होती. मग पाहणीला वरची माणसं येणार म्हणून साहेबांनी स्टूल फेकायला लावलं. बटणाच्या दुरुस्तीचं बघू म्हणाले. पुढच्याच सुट्टीत एक मशीन बंद पडलं आणि त्यांनी अक्काला बोलावून घेतलं. स्टूल नाही म्हणून तिनं दारात आपली पर्स अडकवली. दारानं ती सहज बाहेर ढकलली. दम्याचा पंप पर्समध्ये होता. आत फोन लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला अंगठीचे ओरखडे होते.

साहेबांनी काखा वर केल्या. "बटण बिघडलंय हे तिनं कधी कुणाला सांगितलंच नाही," म्हणाले. "तिचाच हलगर्जीपणा."

अक्काच्या मुलीनं मला फोन केला. रडत नव्हती, ते जास्त लागलं. "काका, आईनं तिथे लिहिलं होतं ना? तुम्ही वाचलंय ना?"

मी वाचलं होतं. पण दाराच्या पानावर आता एकच ओळ उरली होती: दार नेहमी बंद ठेवावे. बाकीचं कुणी काढलं, ते फक्त इतिहासात होतं. आणि सोमवारी चौकशीची माणसं येणार म्हणताना साहेबांचा रविवारी फोन आला.

"विकीचा बॅकअप घे. फक्त आजची पानं. मागचा इतिहास नको, उगाच जागा खातो. मग जुनी डिस्क काढून मला दे."

माझं डोकं फिरलं. पण मी "हो साहेब" म्हणालो, आणि ऑफिसात पोहोचल्यावर सगळ्यात आधी इतिहासासकट पूर्ण विकीची प्रत काढली. खिशातल्या छोट्या ड्राइव्हवर मावावी म्हणून ती जास्तीत जास्त दाबली. एवढी दाबलेली फाइल उघडायला फार वेळ लागतो. लागेना का, म्हटलं.

सर्व्हर रूमचं बटण आता नवीन होतं. अक्का गेल्यावर बसवलं, तत्परतेनं. मी आत जाऊन दाबून पाहिलं. हिरवा दिवा, खट् आवाज, दार उघडलं. तरी मी जेवणाच्या खोलीतलं एक स्टूल आणून दारात लावलं आणि समोरच्या टेबलावर साहेबांचं काम सुरू केलं.

फाइल दाबतात म्हणजे काय, ते थोडं सांगतो. तेच ते शब्द पुन्हा आले की मशीन ते एकदाच ठेवतं आणि बाकीच्या ठिकाणी नुसती खूण करतं. त्यामुळे जुन्या मजकुराची घडी लहान होते. नवीन, कधीच न आलेला मजकूर असेल तर मात्र ती होत नाही.

फक्त आजची पानं, म्हणजे चहा होईतो संपणारं काम. चहा गार झाला तरी फाइल वाढतच होती. मूळ विकीपेक्षा मोठी झाली, तरी थांबेना. पडद्यावर पानांची नावं सरकत होती. नीट पाहिलं तर एकच नाव होतं.

सर्व्हर रूमचं दार. सर्व्हर रूमचं दार. सर्व्हर रूमचं दार...

कुणीतरी त्या पानावर लिहीत होतं. घडी घालता येऊ नये असं, सारखं नवीन.

मग वास आला, घशाच्या गोळीचा. आणि उघड्या दारातून, आतल्या कपाटांच्या मागून, ठोठावल्याचा आवाज. हळू, सावकाश... धातूवर धातू. अंगठीसारखा.

"अक्का?" मी म्हणालो. स्वतःचाच आवाज ऐकून अंगावर काटा आला.

उत्तर साहेबांनी दिलं. ते मागे उभे होते. "कुणाशी बोलतोस? झालं नाही अजून?"

"फाइल वाढतेय, साहेब. कुणीतरी आत... लिहितंय."

"बाजूला हो."

त्यांनी काम थांबवलं आणि स्वतःच्या हातानं विकीचा सगळा इतिहास पुसायचा हुकूम दिला. 'परत मिळणार नाही, नक्की पुसायचं?' असं मशीननं विचारलं. साहेबांनी 'हो' दाबलं, सुटकेचा श्वास टाकला आणि जुनी डिस्क काढायला खोलीकडे निघाले. वाटेत स्टूल दिसलं.

"हे पुन्हा इथे?"

"राहू द्या साहेब..."

"बटण नवीन बसवलंय ना? उद्या माणसं येणार, काय म्हणतील?" त्यांनी स्टूल पायानं बाहेर ढकललं आणि आत गेले.

ते दार एरवी सावकाश लागतं. त्या दिवशी ते धाडकन लागलं.

थोड्या वेळानं आतून आवाज आला. "अरे, हे बटण चालत नाहीये."

मी बाहेरून कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल. गार्डला हाक मारली, त्यानं अग्निशमनवाल्यांना फोन लावला आणि तो फाटकाकडे धावला. मी दाराला कान लावला. दोन ठोठावण्या ऐकू येत होत्या. एक घाबरीघुबरी, मुठींची, दारावरच. दुसरी दूर, कपाटांमागून, तीच सावकाश, अंगठीची. आणि ती दर वेळी थोडी जवळून येत होती.

"कोण आहे आत?" साहेब ओरडले. मला नव्हे. मग दाराशी येऊन, अगदी हळू, "दार उघड रे... ती... दार उघड..."

बाहेरून उघडायची काहीतरी युक्ती अक्कानं लिहिली होती, एवढंच मला आठवत होतं. मी पान उघडलं. दार नेहमी बंद ठेवावे. इतिहास दाबला. कोरा. नुकताच पुसलेला. खिशातला ड्राइव्ह जोडला आणि फाइल उघडायला लावली. ती जास्तीत जास्त दाबलेली, मुंगीच्या पावलांनी उघडत होती. माझा जीव टांगणीला लागला. आतली मुठींची ठोठावणी विरळ होत गेली. दुसरी मात्र आता दाराशी होती.

शेवटी जुनं पान दिसलं. अक्काचे शब्द: आतलं बटण बिघडलं आहे. स्टूल काढू नये. कुणी अडकल्यास जिन्याखालच्या पेटीतला लाल खटका खाली ओढावा. आणि त्याच्या पुढची नोंद, साहेबांच्या नावावर: तीनही ओळी काढल्या. कारण: अनावश्यक मजकूर.

मी धावलो. खटका ओढला. दार उघडलं.

साहेब दाराला टेकून बसले होते, ते बाहेर कलंडले. बोटांची सालं निघालेली, डोळे उघडे, खोलीच्या आतल्या बाजूला लागलेले. आत कुणीच नव्हतं. बटणाचा दिवा हिरवा होता. अग्निशमनवाल्यानं ते बटण माझ्यादेखत दाबून पाहिलं, खट् आवाज करून चाललं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

मला वाईट वाटलं नाही. उगाच कशाला खोटं बोलू? सोमवारी मी ती प्रत चौकशीच्या माणसांसमोर ठेवली. अक्काच्या माथी मारलेला दोष पुसला गेला. तिच्या मुलीनं पडद्यावरच्या आईच्या ओळीवरून बोट हळूच फिरवलं आणि मग मात्र खूप रडली.

इथेच थांबलो असतो. पण प्रत अधूनमधून उघडून पाहायची सवय आहे ना. ती फाइल कपाटात कुलपात असते. तिचा आकार जवळजवळ तेवढाच आहे, पण उघडायला दर वेळी जास्त वेळ लागतो. का, ते मला आता कळलंय. तिच्यात दोनच वाक्यं वाढत जातात, तीच ती, पुन्हा पुन्हा, म्हणून त्यांची घडी लहानच राहते.

दाराच्या पानाचा इतिहास. साहेबांच्या नावावर: दार उघडा. त्याखाली अक्काच्या नावावर: ओळ काढली. कारण: अनावश्यक मजकूर. पुन्हा: दार उघडा. पुन्हा: ओळ काढली. पान संपत नाही.

काल पुन्हा उघडली. ज्या मशीनवर उघडतो त्याला नेटवर्कची वायरही जोडलेली नाही. साहेबांची शेवटची ओळ तशीच होती, अजून कुणी काढलेली नव्हती. मी की-बोर्डपासून हात मागे घेतले आणि बघत बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग घशाच्या गोळीचा वास आला, आणि ती ओळ शेवटच्या अक्षरापासून, सावकाश, एकेक अक्षर करून पुसली जाऊ लागली...