पहिल्या बाळाचा केक

हॉटेलात डबा पोचवायचा, एवढंच काम होतं. लेकीच्या बाप्तिस्म्याच्या सकाळी मी एकटीच निघाले. टेकडीवरच्या जहागीरदारांच्या बंगल्याचं आता हॉटेल झालंय. माझी आई तिथं भांडी घासायची. आज त्याच घरात माझ्या लेकीसाठी चांदीच्या झाकणांखालून जेवण येणार होतं.

डब्यात आमच्या लग्नाच्या केकचा वरचा मजला होता. आमच्याकडे तो लग्नात कापत नाहीत. व्हिस्की पाजून जपून ठेवतात आणि पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला काढतात.

मागच्या दारात म्हातारे टायर्नी उभे होते, तिथल्या वाढप्यांचे मुख्य. डबा घेत हसून म्हणाले, "पहिलंच ना, ब्रायडी?"

"हो," मी म्हटलं. "पहिलंच."

खरं तर दोन वर्षांपूर्वी एक झाला होता. मुलगा. रडलाच नाही. नर्सनं टॉवेलात गुंडाळून नेला, मला तोंडसुद्धा दाखवलं नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून नाव नाही, म्हणून चर्चच्या दफनभूमीत जागाही नाही. भिंतीबाहेर, काटेरी झुडपाखाली कुठंतरी पुरलाय. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "जे जगलंच नाही, ते मोजायचं नाही."

दुपारी धुकं खिडक्यांना येऊन टेकलं. भर दुपारी मेणबत्त्या लावाव्या लागल्या. टेबलाशी फादर, सासूबाई फिलोमिना, माझा नवरा कॉर्मक आणि मी. आमची लेक डर्वला माझ्या खुर्चीमागं बाबागाडीत झोपलेली. आधी खेकडा आला, मग कोकराचं मटण पुदिन्यासोबत. टायर्नी पाय न वाजवता वाढत होते.

"बाहेरचा काटा आधी घ्यायचा गं," सासूबाई कुजबुजल्या. "आईनं नुसते घासायलाच शिकवले वाटतं."

"फिलोमिना, तुम्ही स्वर्गात गेलात तरी तिथले काटे मोजाल," फादर म्हणाले. सगळे हसले.

मी हसले नाही. टेबलाखाली कुणीतरी माझ्या झग्याचं टोक धरलं होतं. ओढत नव्हतं… नुसतं धरून होतं. ओल्या मातीचा वास येत होता. मी खाली वाकून बघायला हवं होतं. मी पाव मोडत राहिले.

मग केक आला. आचाऱ्यानं सकाळीच त्याच्यावर साखरेचा नवा पांढरा थर चढवला होता. एक चीर नाही, एक डाग नाही. कॉर्मकनं सुरी टेकवली, तर ती थेट आत गेली… पोकळीत गेल्यासारखी.

आतून केक खाल्लेला होता. नुसती बाहेरची भिंत उरली होती आणि तिच्यावर आतल्या बाजूनं बारीक दातांचे चावे.

"उंदीर!" सासूबाई ओरडल्या. "शोभतं का तुम्हाला?"

"साखर कुठंच फुटलेली नाही, बाईसाहेब…" टायर्नी ताट फिरवून दाखवत म्हणाले.

मी उठून उभी राहिले. "आई, हा केक डर्वलाचा नव्हताच. तिच्या आधी…"

"खाली बस. फादर बसलेत समोर."

"ब्रायडी, अगं, आज नको," कॉर्मक म्हणाला.

आणि मी बसले. देवा, मी बसले.

झग्याचं टोक सुटलं. मागं बाबागाडीची स्प्रिंग करकरली… कुणी चढल्यासारखी.

निघताना डर्वलाला उचललं, तर माझे हात खाली गेले. कॉर्मकनं घेतली. "काय खायला घातलंस हिला? पोर आहे का धोंडा!" दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या काट्यावर वजन अगदी बरोबर भरलं. नर्स म्हणाली, "पहिलटकरणीला असंच वाटतं."

मी मान डोलावली आणि डर्वलाला पुन्हा उचललं.

महिनाभर मी ते ओझं कडेवर वाहिलं. हात भरून यायचे, तरी खाली ठेवत नव्हते. खरं सांगू? बरं वाटत होतं.

आज सकाळी डर्वलाला उचललं आणि ती हलकी लागली. एका बाळाएवढीच.

तेव्हापासून मी तिला घट्ट धरून स्वयंपाकघरात बसलेय. वरच्या खोलीत सासूबाई एकट्याच असतात. त्यांना मी कधी गाताना ऐकलेलं नाही. आत्ता त्या अंगाई म्हणताहेत… मधेच थांबतात, कुणाचं तरी ऐकून घेतात, आणि पुन्हा म्हणतात.