पळसाचा शिपाई

ही गोष्ट रचलेली नाही. ज्यांच्या घरात ती घडली त्या रुखमाबाई आमच्या नात्यातल्या, आणि थापा मारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. ते खातं त्यांच्या यजमानांकडे होतं.

गाव वडनेर भोलजी. सन १९३४. नाताळची संध्याकाळ.

यजमान म्हणजे भगवानराव. जमीन भरपूर, अक्कल बेताची. आपल्याला ‘रावसाहेब’ किताब मिळावा, एवढाच ध्यास. बुलढाण्याचे गोरे साहेब मोठ्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, इराकातल्या बसऱ्याला होते, असं त्यांच्या कानावर आलं.

झालं! साहेबांना घरी बोलावून लढाईच्या काळातला नाताळ करायचं ठरलं.

अंगणात सरकीची पोती रचून शिपायांच्या आडोशाचा मोर्चा उभा राहिला. बाभळीच्या फांदीला कापूस चिकटवला. म्हणे बर्फ! बसऱ्याच्या वाळवंटात बर्फ कुठून आणणार, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

मोर्चावर शिपाई हवेत, म्हणून सालगडी कडूबाने कडब्याचे पुतळे बांधले. शेवटच्या पुतळ्याला कडबा कमी पडला.

"पत्रावळीची पानं पडली ना तिथं? ती भर," भगवानराव म्हणाले. "अन् डोक्याले नारळ लाव."

कडूबाचे हात थांबले.

"मालक, पळसाचा माणूस नोका करू. नारळ तर नोकाच लावू."

"काऊन बे? पानंच हायेत ना? गप भर!"

कडूबा उगाच घाबरला नव्हता. जो परमुलखात मरतो, ज्याचा देह सापडत नाही, त्याचाच पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याला नारळ लावतात. नाव घेऊन त्याला त्या पुतळ्यात बोलावतात. आणि लगेच अग्नी देतात. म्हणजे तो सुटतो.

रुखमाबाईंचा धाकटा भाऊ पुंजाजी असाच गेला होता. भगवानरावांनीच त्याला फौजेत भरती केलं, आणि सख्खा मेहुणा सरकारला दिला म्हणून साहेबलोकांत मिरवून घेतलं. पुंजाजी बसऱ्याहून परत आला नाही. त्याचा पुतळा करून त्याला मोकळं करा, म्हणून रुखमाबाई वर्षानुवर्षं हात जोडत होत्या. पण मेहुणा मेला हे कबूल केलं, तर गाव तोंडात शेण घालेल. म्हणून भगवानरावांचं एकच पालुपद, "बेपत्ता हाये. मेला कोण म्हणते?"

त्याच माणसाने आता पुतळ्याला अंगरखा हवा, म्हणून बायकोची पेटी उघडली. पुंजाजी सुट्टीवर आला तेव्हा मागे राहिलेला त्याचा जुना खाकी कोट काढला. बायकोला विचारलंसुद्धा नाही.

दिवेलागणीला साहेब आले. पत्र्याच्या ताटांत मटण वाढलं. फोनो सुरू झाला. साहेबांच्या समोरच खुर्चीवर पळसाचा शिपाई बसवला होता.

साहेब हसून म्हणाले, "इसका नाम क्या है?"

भगवानराव ताडकन उठले. सलाम ठोकला. मोठ्याने ओरडले, "पुंजाजी! हाजर हो! जेवाले बस!"

आणि त्याच्यापुढे भरलेलं ताट ठेवलं.

फोनोची तबकडी फिरत होती...

पण गाणं ऐकू येईना.

हाडकांसाठी जमलेली कुत्री उठून निघून गेली. एकही भुंकलं नाही.

रुखमाबाई स्वयंपाकघरात होत्या. मागच्या दाराशी कुणीतरी...

खाकरलं.

घरात येण्याआधी पुंजाजी असाच खाकरायचा. त्यांनी वळून पाहिलं.

दारात कुणी नव्हतं.

त्या धावत पुढच्या दारी आल्या. तिथून त्यांना नारळाचं डोकं दिसलं. मग कोट दिसला. काय होऊन बसलंय, ते त्यांना त्या क्षणी कळलं. भावाला देह मिळाला होता, अग्नी मिळाला नव्हता. मागे फिरून त्यांनी चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि त्या थेट अंगणात शिरल्या.

भगवानरावांनी त्यांचं मनगट धरलं. "साहेबासमोर बाईमाणूस? इज्जत घालवतं काय माही?"

"सोडा मले! तुमाले समजते का, तुमी काय करून राह्यले? त्याले बोलावलं तुमी! आता आग द्या त्याले!"

"चूप!"

ओढाताणीत वळलेल्या दोघांच्या पाठीमागे खुर्ची करकरली...

साहेबांचं तोंड त्या बाजूला होतं. त्यांनी काय पाहिलं, ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. टोपीसुद्धा न घेता ते मोटारीत जाऊन बसले.

खुर्चीवर कोट होता. गुंड्या लावलेल्याच होत्या.

आत एकही पान नव्हतं.

चार दिवसांनी भगवानरावांची मस्ती जिरली. नदीकाठी भटजींना बसवून पळसाचा नवा पुतळा केला. पानं खडखडीत वाळलेली, वर तूप ओतलेलं. भगवानरावांनी अग्नी दिला.

पानं पेटेनात.

पुन्हा दिला. कापूर जळून गेला, पान काळंसुद्धा पडलं नाही.

भटजी उठून उभे राहिले. "एका माणसाले देह एकदाच देता येते, भगवानराव. तो तुमी देऊन बसले."

रुखमाबाई रडल्या नाहीत. मोकळ्या वाळूकडे तोंड करून, नवऱ्याकडे हात दाखवत त्या शांतपणे म्हणाल्या, "पुंजा, तुले मी नाही बोलावलं रे. यायनं बोलावलं. आता यायच्यासंगच राह्य."

पुढल्या वर्षी किताब मिळाला. रावसाहेब भगवानराव! लाळघोटेपणाचं चीज झालं.

गावातले म्हातारे मात्र सांगतात, की त्या दिवसानंतर रावसाहेब कधी एकटे दिसले नाहीत.

बरोबर कोण असायचं, ते कुणी सांगत नाही. मीही विचारलं नाही.